खान्देशात राहून जीवशास्त्राची एम.एस्सी. : प्रवेशअर्जापासून प्रबंधिकेपर्यंत

बी.एस्सी.चा निकाल लागला की खान्देशातल्या घरांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘आते एम.एस्सी. करीसन काय करशी?’ विचारणाऱ्या काकांना उत्तराची फारशी अपेक्षा नसते. तरीही विद्यार्थ्याने तो प्रश्न मनावर घ्यावा, कारण कोणत्या विषयात प्रवेश घ्यायचा, कोठे घ्यायचा आणि दोन वर्षांतील कोणत्या महिन्यांत काय करायचे, या तिन्ही गोष्टी त्याच्या उत्तरावर ठरतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे मार्गदर्शन लिहिले आहे. प्रवेशाविषयी आवश्यक तेवढे सांगून अधिक जागा संशोधन प्रकल्पाला दिली आहे. माझ्या अनुभवात या पदवीचे मोल त्या प्रकल्पावर ठरते, आणि विद्यार्थी मात्र त्याचा विचार सर्वांत शेवटी करतात.

विषय आणि पदवीवरील नाव

आपल्याकडे ‘जीवशास्त्र’ या नावाने एम.एस्सी. सहसा होत नाही. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, जैवरसायनशास्त्र अशा नावांनी ती होते. अभ्यासक्रमांचा बराच भाग एकमेकांत मिसळलेला असला, तरी नोकरीच्या जाहिरातीत पदवीचे नाव काटेकोरपणे पाहिले जाते. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायचे असेल, तर एम.एस्सी.बरोबर बी.एड. लागते, आणि जाहिरातीत वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र असे स्पष्ट लिहिलेले असेल, तर जैवतंत्रज्ञानाच्या पदवीधराची अडचण होते. उलट औषधनिर्मिती कारखान्याच्या गुणवत्ता विभागात सूक्ष्मजीवशास्त्राला पहिली पसंती असते, आणि ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत वनस्पतिशास्त्र व जैवतंत्रज्ञान दोन्ही चालतात. म्हणून प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी आपल्याला हव्या असलेल्या कामाच्या चार-पाच जुन्या जाहिराती मिळवाव्यात आणि त्यांतील पात्रतेचा परिच्छेद शब्दशः वाचावा. या कामाला एक संध्याकाळ पुरते.

प्राध्यापक व्हायचे असेल, तर एक आकडा आताच लिहून ठेवावा. सहायक प्राध्यापक पदासाठी पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांना ५ टक्क्यांची सवलत आहे. पहिल्या सत्रात ‘पुढे भरून काढू’ म्हणत ४८ टक्क्यांवर समाधान मानलेले विद्यार्थी चौथ्या सत्रात अपूर्णांकांचे हिशेब करताना मी पाहिले आहेत.

विद्यापीठ परिसर की गावाजवळचे महाविद्यालय

पूर्वी पुणे विद्यापीठाशी जोडलेली या भागातील महाविद्यालये १९९० साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे आली. २०१८ साली या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. जळगाव शहराबाहेर, बांभोरीजवळ गिरणेच्या काठी असलेल्या विद्यापीठ परिसरातील प्रशाळांत एम.एस्सी. करता येते, तसेच जळगाव, अमळनेर, भुसावळ, फैजपूर, धुळे, शिरपूर, नंदुरबार येथील संलग्न महाविद्यालयांच्या पदव्युत्तर विभागांतही करता येते. त्यांपैकी जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयासारखी काही महाविद्यालये स्वायत्त आहेत. तेथील अभ्यासक्रम आणि परीक्षा महाविद्यालय स्वतः ठरवते, म्हणून एका ठिकाणच्या जुन्या प्रश्नपत्रिका दुसऱ्या ठिकाणी जशाच्या तशा उपयोगी पडतील असे गृहीत धरू नये.

दोहोंत श्रेष्ठ कोणते, याचे सरसकट उत्तर नाही. परिसरात उपकरणे, ग्रंथालय आणि पीएच.डी. करणारे ज्येष्ठ विद्यार्थी हाताशी असतात, आणि वसतिगृह मिळाल्यास रात्री आठलाही प्रयोगशाळेत थांबता येते. महाविद्यालयात वर्ग लहान असतो, शिक्षक नावानिशी ओळखतात आणि घरचा डबा मिळतो. परंतु दोंडाईच्याहून किंवा पारोळ्याहून रोज ‘अप-डाऊन’ करणाऱ्याने एका गोष्टीचा प्रामाणिक हिशेब करावा : परतीची गाडी साडेपाचची असेल, तर पाच वाजता प्रयोग सोडावा लागेल, आणि जीवाणूंची वाढ किंवा कोशिका विभाजन गाडीच्या वेळापत्रकाप्रमाणे चालत नाही. ज्यांना घरीच राहावे लागणार आहे, त्यांनी असा प्रकल्प निवडावा, ज्याची निरीक्षणे गावाच्या शिवारातच होतील. तो प्रकल्प दुय्यम दर्जाचा असतो असे मुळीच नाही. कित्येकदा तो अधिक चांगला होतो.

निवड करण्यापूर्वी विभागाला एकदा प्रत्यक्ष भेट द्यावी आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तीन गोष्टी विचाराव्यात : मागच्या सत्रात प्रत्यक्ष किती प्रात्यक्षिके स्वतःच्या हाताने केली, लॅमिनार एअर फ्लो (जंतुविरहित हवेत काम करण्याचा कक्ष) आणि ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारे यंत्र) चालू आहेत का, आणि गेल्या वर्षीच्या प्रबंधिका, म्हणजे संशोधन प्रकल्पांचे लेखी अहवाल, पाहायला मिळतील का. फलकावरील उपकरणांच्या यादीपेक्षा या तीन उत्तरांतून विभाग जास्त कळतो.

परिसरातील प्रशाळांची प्रवेशप्रक्रिया आणि महाविद्यालयांची प्रवेशप्रक्रिया स्वतंत्रपणे चालत असल्याने दोन्हींच्या सूचना वेगवेगळ्या पाहाव्यात आणि दोन्हीकडे अर्ज करावेत. बाहेरच्या मोठ्या संस्थांचीही तयारी असेल, तर बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षीच आयआयटींच्या एम.एस्सी. प्रवेशासाठीच्या ‘जॅम’ परीक्षेतील जैवतंत्रज्ञानाचा पेपर, केंद्रीय विद्यापीठांसाठीची ‘सीयूईटी-पीजी’ आणि जैवतंत्रज्ञानाच्या निवडक अभ्यासक्रमांसाठीची ‘गॅट-बी’ यांचे अर्ज वेळेत भरावे लागतात. निकाल लागल्यावर चौकशी सुरू करणाऱ्याच्या हातून ही तिन्ही दारे निसटलेली असतात.

कागद आणि पैसा

कागदपत्रांत नवीन सांगण्यासारखे थोडेच आहे, पण दरवर्षी अडते ते येथेच. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा किंवा महाविद्यालय सोडल्याचा दाखला, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, लागू असल्यास जातीचा दाखला, जात पडताळणी प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमी लेअर हे सर्व जूनपूर्वी हाती असावे. दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्यास स्थलांतर प्रमाणपत्र लागते आणि मध्ये वर्ष गेले असेल, तर त्याचे प्रतिज्ञापत्र. पडताळणीला सर्वाधिक वेळ लागतो. विशेषतः अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांनी वडिलांकडील जुन्या नोंदी, शाळेच्या दाखल्यांच्या प्रती आणि महसुली कागद बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासूनच गोळा करावेत. उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून काढताना त्याची मुदत पाहावी, कारण मागच्या वर्षीचा दाखला जोडून अर्ज परत आल्याची उदाहरणे प्रत्येक वर्गात सापडतात.

शिष्यवृत्तीचे अर्ज ‘महाडीबीटी’ पोर्टलवर भरावे लागतात. योजना प्रवर्गानुसार आणि उत्पन्नाच्या मर्यादेनुसार वेगवेगळ्या आहेत. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘स्वाधार’ आणि अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘स्वयम्’ या योजनांतून भोजन व निवासाचा खर्च थेट खात्यात मिळू शकतो. बँक खात्याला आधार क्रमांक जोडला म्हणजे काम झाले असे समजू नये. थेट लाभ हस्तांतरणासाठी तेच खाते नोंदलेले आहे का, हे शाखेत जाऊन विचारावे. दोन बँकांत खाती असणाऱ्यांचे पैसे विसरलेल्या जुन्या खात्यात जमा होतात आणि विद्यार्थी वर्षभर ‘शिष्यवृत्ती आलीच नाही’ म्हणत फिरतो. दुसऱ्या वर्षी त्याच अर्जाचे नूतनीकरण करावे लागते, हेही ध्यानात ठेवावे. हातखर्चासाठी ‘कमवा व शिका’ योजनेची चौकशी विद्यार्थी विकास विभागात करावी. ग्रंथालयात किंवा रोपवाटिकेत काम मिळाले, तर ते वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला दुहेरी लाभाचे ठरते.

दोन वर्षांची मांडणी

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमाची मांडणी बदलली आहे. चार सत्रांत मिळून ८८ क्रेडिट, म्हणजे प्रत्येक सत्रात २२, असा साधारण आराखडा आहे. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचा ४ क्रेडिटांचा पेपर येतो, दुसऱ्या सत्रात ४ क्रेडिटांचे प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्प असतो, आणि संशोधन प्रकल्पाला तिसऱ्या सत्रात ४ व चौथ्या सत्रात ६ क्रेडिट दिलेली आहेत. पहिल्या वर्षानंतर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडण्याचीही सोय आहे.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घ्यावा. प्रात्यक्षिक स्वरूपाच्या एका क्रेडिटसाठी ३० तास धरले जातात. म्हणजे कार्यप्रशिक्षणाचे १२० तास आणि संशोधन प्रकल्पाचे ३०० तास होतात. हे १२० तास कोठे घालवायचे, याचा निर्णय पुष्कळ विद्यार्थी शेवटच्या आठवड्यात घेतात आणि ओळखीच्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेतून शिक्का मारून आणतात. तसे करू नये. जळगावात केळी संशोधन केंद्र आणि तेलबिया संशोधन केंद्र आहे, रावेर तालुक्यात पाल येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, जिल्ह्यात ऊतिसंवर्धित केळीची रोपे तयार करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, वन विभागाच्या रोपवाटिका आहेत. विभागप्रमुखांचे पत्र घेऊन डिसेंबरातच विनंती केली, तर यांपैकी कोठे तरी जागा मिळण्याची शक्यता वाढते. उन्हाळ्याच्या सुटीसाठी तीन राष्ट्रीय विज्ञान अकादमींची मिळून चालणारी संशोधन छात्रवृत्ती आहे. तिचे अर्ज साधारण हिवाळ्यात निघतात आणि निवड झाल्यास देशातील नामवंत प्रयोगशाळेत दोन महिने काम करता येते. खान्देशातून या छात्रवृत्तीसाठी फार थोडे अर्ज जातात, असे मला वाटते. निदान माझ्या वर्गात तिचे नाव कोणी घेतले नव्हते.

मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिल्या सत्रात इंग्रजीचे ओझे वाटते, आणि ते खोटे नाही. त्यावर माझा अनुभव असा की संपूर्ण प्रकरण इंग्रजीत पाठ करण्यापेक्षा एक आकृती घ्यावी, उदाहरणार्थ प्रकाशसंश्लेषणातील इलेक्ट्रॉनांचा प्रवास, आणि ती समोर ठेवून खोलीतील सोबत्याला मराठीत, हवे तर अहिराणीत, समजावून द्यावी. जेथे अडखळाल, तेथे समजलेले नाही असे जाणावे. संज्ञा मात्र इंग्रजीतच पक्क्या कराव्यात, कारण उत्तरपत्रिका आणि पुढील स्पर्धापरीक्षा त्याच संज्ञांवर चालतात.

प्रकल्प : प्रश्न लहान करावा

प्रकल्पाचा विषय तिसऱ्या सत्राच्या आरंभी ठरवण्याची प्रथा आहे. माझ्या मते तो दुसऱ्या सत्राच्या अखेरीस, म्हणजे एप्रिलमध्येच ठरला पाहिजे. याचे कारण खान्देशाच्या हंगामात आहे. जुलैत तिसरे सत्र सुरू होते तेव्हा मृगबाग केळीची लागवड चालू असते, सप्टेंबर ते नोव्हेंबर कपाशीला बोंडे असतात, डिसेंबर ते फेब्रुवारी हतनूरच्या जलाशयावर स्थलांतरित बदके असतात, आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास गेल्यावर शिवारात आणि प्रयोगशाळेत दोन्हीकडे काम अवघड होते. ऑगस्टमध्ये विषय ठरवून सप्टेंबरात परवानगी मागणाऱ्याचा अर्धा हंगाम कोरडा जातो.

विषय ठरवताना होणारी नेहमीची चूक म्हणजे तो फार मोठा असतो. ‘जळगाव जिल्ह्यातील कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचा अभ्यास’ हे शीर्षक भारदस्त दिसते, पण ३०० तासांत एक विद्यार्थी जिल्हा पाहू शकत नाही. हाच प्रश्न असा लहान करता येतो : एकाच गावात ठिबकवर लावलेली पूर्वहंगामी कपाशी आणि पावसावर लावलेली कोरडवाहू कपाशी यांच्या हिरव्या बोंडांत अळीचे प्रमाण आठवड्यागणिक कसे बदलते? दोन्ही प्रकारची तीन-तीन शेते निवडावीत, प्रत्येक शेतातून दर आठवड्याला एका ठरलेल्या वारी २० हिरवी बोंडे यादृच्छिक पद्धतीने तोडावीत, ती फोडून आत अळी किंवा तिने केलेले छिद्र आहे का ते नोंदवावे, आणि त्याच शेतात लावलेल्या कामगंध सापळ्यांतील (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यांतील) पतंग मोजावेत. सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग किंवा बोंडांत दहा टक्के प्रादुर्भाव ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते, म्हणून मिळालेल्या आकड्यांची तुलना करण्यास आधारही तयार आहे. बारा आठवडे, सहा शेते, वीस बोंडे, म्हणजे १४४० बोंडे होतात. हे काम एका विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे आणि त्याला संख्याशास्त्रीय कसोटी लावता येते.

केळीचेही तसेच आहे. करपा हा बुरशीजन्य रोग किंवा सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) हा विषाणू यांवर ‘अभ्यास’ करण्याऐवजी एकाच बागेत रोगट झाडे ओळीने कोठे आहेत, बांधावरील तणे आणि शेजारची काकडीवर्गीय पिके यांच्यापासून त्यांचे अंतर किती, आणि त्या तणांवर मावा आढळतो का, एवढेच पाहावे. मावा सीएमव्ही विषाणूचा वाहक आहे, त्यामुळे विषाणूची वाट बांधावरून येते का हा प्रश्न खरा आहे. प्रयोगशाळेत काम करायचे असेल, तर फळमाशी, म्हणजे ड्रॉसोफिला, ही गरिबाघरची पाहुणी आहे : पिकून काळे पडलेले केळे बाटलीत ठेवले की ती स्वतःच येते, २५ अंशांना तिचे जीवनचक्र सुमारे दहा दिवसांत पूर्ण होते. मात्र आपल्याकडच्या उन्हाळ्यात वीज गेली आणि इनक्युबेटर बंद पडला की तापमान ३० अंशांपलीकडे जाते, नर वंध्य होऊ लागतात आणि प्रयोगाची वंशावळ तेथेच तुटते. म्हणून तिच्यावरील काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकावे.

परवानग्यांची बाब थोडक्यात सांगतो, पण ती टाळता येणार नाही. यावल किंवा अनेर धरण अभयारण्यात काम करायचे असेल, तर वन विभागाची लेखी परवानगी लागते आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खालील प्राणी पकडता येत नाहीत. उंदीर-सशांवरील प्रयोगांस संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मान्यता लागते. सातपुड्यातील सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासारख्या विषयावर काम करण्याची इच्छा पुष्कळांना होते आणि ती योग्यच आहे. परंतु माणसाच्या रक्ताचा एक थेंबही मानवी नैतिकता समितीच्या मंजुरीवाचून आणि संबंधिताच्या त्याला समजेल अशा भाषेतील लेखी संमतीवाचून घेता येत नाही. एम.एस्सी.च्या मुदतीत हे जमणे कठीण असते, म्हणून अशा वेळी मार्गदर्शकांच्या चालू प्रकल्पात सामील होणे बरे.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या नावापेक्षा त्यांच्या वेळेकडे पाहावे. आठवड्यातून एकदा अर्धा तास बसून वही पाहणारे सर किंवा मॅडम मिळाले, तर उपकरण कमी असले तरी चालते. पहिल्याच भेटीत एक पानी टिपण घेऊन जावे : प्रश्न, पद्धत, लागणारे साहित्य, महिन्यांचे वेळापत्रक. ‘सर, तुम्हीच विषय द्या’ असे म्हणणाऱ्याला गेल्या वर्षीचा विषय मिळतो.

चिठ्ठी आणि वही

माझ्या स्वतःच्या प्रकल्पात मी चोपडा तालुक्यातील तीन बागांमधून केळीच्या पानांचे तुकडे ४२ छोट्या बाटल्यांत, ७० टक्के अल्कोहोलमध्ये आणले होते. बाटलीवर चिकटपट्टी, तीवर बॉलपेनने बागेचा क्रमांक, ओळ, झाड आणि तारीख. एसटीच्या मागच्या बाकावर पिशवी कलंडली, दोन बाटल्यांची झाकणे सैल होती, आणि जळगावच्या स्थानकावर पिशवी उघडली तेव्हा निळसर ओघळ आणि कोऱ्या पट्ट्या एवढेच हाती राहिले. पाने उत्तम अवस्थेत होती. कोणते पान कोणत्या बागेतले हे मात्र सांगता येत नव्हते, म्हणून तिन्ही बागांचा आठवडा पुन्हा करावा लागला. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, शिसपेन्सिलीची नाही. तेव्हापासून मी जाड कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून ती चिठ्ठी बाटलीच्या आत टाकतो, आणि तोच क्रमांक वहीत दुसऱ्यांदा लिहितो.

चिठ्ठीचे महत्त्व सांगणारी एक मोठी गोष्ट आपल्याच शहाद्याजवळ घडली आहे. वन पिंगळा हा घुबडाचा छोटा भाईबंद ब्रिटिश पक्षितज्ज्ञ ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ साली शास्त्राला प्रथम परिचित करून दिला. १९व्या शतकात गोळा केलेले त्याचे मोजके नमुने संग्रहालयांत होते, त्यांतील काही जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खान्देशातून मिळवलेले. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश पक्षिसंग्राहकांनी १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे हा पक्षी मिळाल्याचे दाखवले, आणि ती नोंद खरी धरून पक्षी शोधणारे चुकीच्या जागी हिंडत राहिले. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तपासले तेव्हा तो नमुना डेव्हिडसन यांनीच १८८४ साली गोळा केलेला, संग्रहालयातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला असल्याचे उघड झाले. खोटी नोंद वगळून उरलेल्या खऱ्या चिठ्ठ्यांवरील ठिकाणे धरून शोध घेतल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात वन पिंगळा पुन्हा दिसला. मधली ११३ वर्षे त्याची एकही विश्वासार्ह नोंद नव्हती. एका प्रामाणिक चिठ्ठीवर गावाचे नाव होते म्हणून पक्षी सापडला, आणि एका अप्रामाणिक चिठ्ठीमुळे तो इतकी वर्षे सापडला नाही.

म्हणून वनस्पतीचा नमुना घेतला, तर साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या हर्बेरियम कागदावर (वाळवलेली वनस्पती चिकटवून जपण्याच्या कागदावर) खालच्या उजव्या कोपऱ्यात ठिकाण, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, उंची, अधिवास, फुलाचा ताजा रंग, गोळा करणाऱ्याचे नाव, क्रमांक आणि तारीख लिहावी. फुलाचा रंग वाळल्यावर उडतो, म्हणून तो शिवारातच नोंदवावा. ओळख पटत नसेल, तर पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागात, आणि प्राणी असल्यास भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम प्रादेशिक केंद्रात, मार्गदर्शकांच्या पत्रासह चौकशी करता येते.

प्रयोगशाळेतील वही बांधीव असावी, सुट्या कागदांची नसावी. माध्यम ऑटोक्लेव्हमध्ये १५ पौंड दाबाला, १२१ अंशांवर १५ मिनिटे ठेवले, एवढे लिहून भागत नाही. त्या दिवशी वीज मध्येच गेली का, दाब पुन्हा चढायला किती वेळ लागला, माध्यम घट्ट करणारे अगर (आगर) कोणत्या डब्यातले होते, हेही लिहावे. फसलेला प्रयोग खोडू नये. एक आडवी रेघ मारून तारीख व सही करावी आणि पुढच्या पानावर जावे. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक वही चाळतात तेव्हा नीटनेटक्या, एकाच शाईत लिहिलेल्या वहीकडे ते संशयानेच पाहतात. त्यांनीही कधीकाळी रात्रीत वही लिहिलेली असते.

नेट, सेट आणि प्रबंधिका

शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांवर दोन ओढी असतात : प्रबंधिका आणि स्पर्धापरीक्षा. सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेची आणि संशोधनवृत्तीची सीएसआयआर-नेट जीवविज्ञान परीक्षा सामान्यतः वर्षातून दोनदा होते. तीन तासांत २०० गुण, तीन भाग, चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या पाव हिश्श्याची वजाबाकी. तिसऱ्या भागात ७५ पैकी २५ प्रश्न सोडवायचे असतात आणि निम्मे गुण तेथेच असतात, म्हणून १३ घटकांपैकी पाच-सहा घटक खोलवर करणारा सर्व घटक वरवर वाचणाऱ्याच्या पुढे जातो. महाराष्ट्र व गोव्यासाठीची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा, सेट, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. तिच्यात ऋण गुणदान नसते, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नये. दोन्ही परीक्षांना शेवटच्या वर्षात असतानाच बसता येते. प्रकल्पाचा विषय ज्या घटकात येतो, तो घटक अभ्यासाच्या यादीत पहिला ठेवला, तर दोन्ही ओढी एकाच दिशेला वळतात : बोंडअळीवर काम करणाऱ्याने परिस्थितिकी आणि उत्क्रांती, सूक्ष्मजीवांवर काम करणाऱ्याने रेणवीय जीवशास्त्र.

प्रबंधिकेचे लेखन पद्धतीच्या प्रकरणापासून सुरू करावे, कारण ते वहीतून थेट उतरते. प्रस्तावना शेवटी लिहावी. पूर्वसंशोधनासाठी ‘शोधगंगा’वर आपल्याच विद्यापीठातील पीएच.डी. प्रबंध विनामूल्य वाचायला मिळतात. वाचावेत, उतरवू नयेत. साम्य तपासणाऱ्या संगणकप्रणालीत ते त्याच दिवशी उघड होते. आकडे सरळ रेषेत आले नाहीत, तर तसेच मांडावेत. ‘फरक आढळला नाही’ हाही निष्कर्ष आहे आणि परीक्षक तो मान्य करतात.

तोंडी परीक्षा आटोपल्यावर नमुने विभागाच्या हर्बेरियमला किंवा संग्रहालयाला क्रमांकासह द्यावेत, वहीची प्रत स्वतःजवळ ठेवावी, क्रेडिट अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (मिळालेल्या क्रेडिटांची नोंद ठेवणाऱ्या डिजिटल व्यवस्थेच्या) खात्यात जमा झाल्याची खात्री करावी आणि पदवी प्रमाणपत्राचा अर्ज त्याच महिन्यात भरावा. शिवारात काम केले असेल, तर आणखी एक फेरी उरते. ज्या सहा शेतांतून बोंडे तोडली, त्या शेतकऱ्यांसाठी निष्कर्षांचे एक पान मराठीत लिहावे : कोणत्या आठवड्यात अळी वाढली, कोणत्या लागवडीत जास्त होती, त्यांच्या शेतात किती होती. मेअखेरीस पूर्वहंगामी कपाशीसाठी ठिबकच्या नळ्या पसरण्यापूर्वी ते पान त्यांच्या हाती पडले पाहिजे.